जेबीज: पगाराच्या भांडणातून उभा राहिलेला बँड

विचारलेला प्रश्न असा आहे: अमेरिकन गायक जेम्स ब्राउनचा साथीचा बँड म्हणून ‘द जेबीज’चं नाव सगळीकडे येतं. पण कुठे त्यात बेस गिटारवर बूट्सी कॉलिन्स दिसतो, कुठे सॅक्सोफोनवाला मेसिओ पार्कर आणि ट्रॉम्बोनवाला फ्रेड वेस्ली पुढे असतात. मग मूळ जेबीज कोणते आणि ते आले कुठून? जोडीला दुसरी तक्रार: आमचा कॉलेजचा बँड ब्राउनचं ‘सेक्स मशीन’ एकही सूर न चुकता वाजवतो, तरी ते फंक (ठेक्यावर उभं असलेलं नाचरं संगीत) वाटत नाही. का?

मी बेस वाजवतो आणि शिकवतो, त्यामुळे दुसरा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. त्याचं बरंचसं उत्तर पहिल्या प्रश्नात आहे, म्हणून आधी तोच घेतो.

थोडक्यात सांगायचं तर जेबीज म्हणजे जेम्स ब्राउनची आद्याक्षरं. या नावाचा बँड मार्च १९७० मध्ये उभा राहिला, आणि तो कुणी ठरवून उभा केला नाही. ब्राउनच्या जुन्या बँडने पगारावरून हात वर केले, तेव्हा त्याने सिनसिनाटी शहरातली पोरं विमानात घालून आणली आणि त्याच दिवशी स्टेजवर चढवली. मेसिओ त्या पहिल्या जेबीजमध्ये नव्हताच. हात वर करणाऱ्यांत तो होता. बूट्सी जेमतेम वर्षभर टिकला. फ्रेड वेस्ली मधल्या काळात बाहेर होता, तो परत आला आणि १९७५ पर्यंत बँड त्याच्या हातात राहिला. मेसिओ १९७३ मध्ये आला. म्हणजे एका नावाखाली निदान दोन वेगळे बँड आहेत, आणि ते वाजतातही वेगळे. इंटरनेटवरच्या याद्या सगळ्यांना एकाच पंगतीला बसवतात, तिथे घोळ होतो.

आता जरा मागे जाऊ. जुना बँड काय चीज होती हे कळल्याशिवाय नव्याचं वेगळेपण कानाला लागणार नाही.

जेम्स ब्राउन हा साउथ कॅरोलायनात जन्मलेला आणि जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी वाढलेला माणूस. पोरवयात चोरीपायी तुरुंगात गेला, आणि १९५२ मध्ये सुटला तो बॉबी बर्ड नावाच्या तरुणाच्या घरच्यांनी मदत केल्यामुळे. हा बर्ड मुळात स्वतःच्या गाणाऱ्या ग्रुपचा म्होरक्या होता. ब्राउन त्या ग्रुपमध्ये आला आणि बघता बघता तोच पुढे गेला, बर्ड मागे राहिला. हे नाव लक्षात ठेवा, मोक्याच्या क्षणी तो परत येणार आहे. १९५६ मध्ये सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्सच्या ‘फेडरल’ या लेबलवर त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली आणि चालली. तेव्हापासून १९७१ मध्ये पॉलिडॉर या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे जाईपर्यंत ब्राउनचं बस्तान बहुतेक काळ किंगमध्येच होतं.

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याच्यामागे ब्रास सेक्शनने (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन) भरलेला, शिस्तीत वाजवणारा मोठा बँड तयार झाला. त्यात जॅझ कोळून प्यायलेली माणसं होती. १९६५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ रेकॉर्ड झालं. त्यात जिमी नोलनची गिटार ऐका. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) पूर्ण वाजूच देत नाही. तारा अर्धवट दाबून उजव्या हाताने खरवडल्यासारखी वाजवतो. पुढे या वाजवण्याला ‘चिकन स्क्रॅच’ असं नाव पडलं. मग १९६७ चं ‘कोल्ड स्वेट’. सॅक्सोफोनवादक पी वी एलिस तेव्हा बँडचा अरेंजर, म्हणजे संगीत संयोजक, होता. त्याने सांगितलंय की ब्राउनने ड्रेसिंग रूममध्ये बोलावून तोंडाने हुंकार देत एक चाल ऐकवली, आणि ती त्याने सिनसिनाटीच्या वाटेवर बसमध्ये बसून नोटेशनमध्ये उतरवली. ब्रासचा जो दोन सुरांचा तुकडा त्यात आहे, तो जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या ‘सो व्हॉट’वरून सुचलेला. ड्रमवर क्लाइड स्टबलफील्ड आहे. चौथ्या मात्रेवर अपेक्षित असलेला स्नेअर ड्रमचा ठोका तो एकाआड एक अर्धी मात्रा पुढे ढकलतो. गाणं चाललंय असं वाटतं आणि पाय मात्र अडखळतो. फंक म्हणून आपण जे ओळखतो ते इथे जवळजवळ पूर्ण तयार आहे. तेव्हा ‘फंक जेबीजनी सुरू केलं’ असं कुणी लिहिलं असेल तर ते खोडून टाका.

हा बँड चालत कसा होता, तेही सांगायला हवं. स्टेजवर दोन-दोन ड्रमर, कधी त्याहून जास्त. सूर चुकला, एंट्री हुकली, बुटांना पॉलिश नाही, कपड्यांना इस्त्री नाही, तर दंड. ब्राउन नाचता नाचता पाठमोरा व्हायचा आणि चुकणाऱ्याकडे बघून हाताची बोटं उघडायचा. पाच बोटं म्हणजे पाच डॉलर, पुन्हा उघडली की आणखी पाच. प्रेक्षकांना ती नाचातली अदा वाटायची. मला इथे ब्राउनची बाजू घ्यायचा मोह होत नाही. बँड घट्ट वाजत होता हे खरं, पण तो दंडामुळे घट्ट होता असं समजणारे बँडमास्टर मी पाहिलेत, आणि त्यांच्याकडे चांगली माणसं टिकत नाहीत. ब्राउनकडेही टिकली नाहीत. एलिस १९६९ मध्ये गेला. त्यानंतर फ्रेड वेस्लीही बाहेर पडला.

आता सिनसिनाटी. किंग रेकॉर्ड्सचं आवार शहराच्या एव्हन्स्टन भागात होतं आणि सगळं एकाच छपराखाली चालायचं: इकडे स्टुडिओ, तिकडे रेकॉर्ड छापण्याची यंत्रं, पलीकडे कव्हरांची छपाई, मागच्या दाराने माल बाहेर. मालक सिड नेथन गोऱ्यांचं कंट्री आणि काळ्यांचं ऱ्हिदम अँड ब्लूज दोन्ही विकायचा. १९६८ मध्ये तो वारला. अशा जागेभोवती वाजवणारी पोरं घुटमळणारच. त्यांतलाच एक ग्रुप म्हणजे पेसमेकर्स. गिटारवर फेल्प्स कॉलिन्स, ज्याला सगळे कॅटफिश म्हणायचे. बेसवर त्याचा आठ वर्षांनी धाकटा भाऊ विल्यम, म्हणजे बूट्सी. ड्रमवर फ्रँकी ‘कॅश’ वॉडी. बूट्सीची बेस सुरू होण्याची गोष्ट त्याने स्वतःच अनेकदा सांगितली आहे. भावाला बेस वाजवणारा हवा होता, याच्याकडे बेस नव्हती. होती ती सिल्व्हरटोनची एक स्वस्तातली साधी गिटार. तिच्यावरच त्याने बेसच्या चार तारा चढवल्या आणि कामाला लागला. बेसवाल्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं: हा मुलगा बेसकडे गिटारच्या वाटेने आला. त्याच्या वाजवण्यातली लगबग, वरच्या सुरांकडे धावण्याची ओढ, मला तिथूनच आलेली वाटते.

ही पोरं किंगमध्ये पडेल ते काम करत होती. बिल डॉगेट, हँक बॅलर्ड अशा किंगच्या कलाकारांमागे वाजवायची. ब्राउनने त्यांना ऐकलं होतं, आणि त्यांना ब्राउनची गाणी पाठ होती. त्या काळी सिनसिनाटीत फंक वाजवणाऱ्याला ती पाठ असणं भागच होतं.

मार्च १९७० मध्ये जॉर्जियातल्या कोलंबस गावी कार्यक्रम होता. पगार, दंड आणि एकूण वागणूक यावरून जुन्या बँडचा बांध फुटला. मेसिओ, नोलन आणि बाकी बहुतेकांनी सांगितलं की आमचं म्हणणं मान्य करा, नाहीतर वाजवत नाही. हिशोब साधा होता: लोक हॉलवर येणार, बँडशिवाय ब्राउन करणार काय? ब्राउनने बॉबी बर्डला हाताशी धरलं. बर्डने सिनसिनाटीत कॉलिन्स बंधूंना गाठलं आणि ब्राउनच्या खासगी लिअरजेटमधून सगळ्यांना कोलंबसला आणलं. बूट्सी तेव्हा १८ वर्षांचा होता. आपल्याला कशासाठी नेतायत याचा पोरांना नीट पत्ताही नव्हता. हॉलवर पोचले तर लोक ताटकळलेले, आणि जुना बँड तिथेच उभा. ज्यांच्या रेकॉर्डी लावून ही पोरं शिकली होती, त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्याच जागी जाऊन उभं राहायचं. रिहर्सल नाही. ब्राउन गाण्याचं नाव घेणार आणि यांनी सुरू करायचं. त्यांनी सुरू केलं.

संपाचा डाव असा उलटलेला पाहून वाजवणाऱ्या माणसाला काय वाटावं? मला दोन्ही बाजूंचं वाटतं. मेसिओ आणि मंडळींची मागणी रास्त होती. पण बदली माणसं त्यांच्याच वाजवण्यावर पोसलेली होती, हेही खरं. इतकं चांगलं वाजवलं की गावोगावच्या पोरांनी ते उचललं, आणि मग तीच पोरं त्यांच्या जागी उभी राहिली.

जुन्यांपैकी सगळे मात्र गेले नव्हते. जॉन ‘जॅबो’ स्टार्क्स हा ड्रमर राहिला. बॉबी बर्ड ऑर्गनवर आणि जोडीला गाण्यात होताच. कोंगावर (हाताने वाजवायचे उभे ड्रम) जॉनी ग्रिग्ज. ब्रासमध्ये तिघेही नवखे: ट्रम्पेटवर क्लेटन गनेल्स आणि डॅरिल जॅमिसन, टेनर सॅक्सवर रॉबर्ट मॅककुलो. हे खरे पहिले जेबीज. माझ्या मते त्यांच्या आवाजाचं सगळं गणित या यादीतच आहे. जुन्या बँडची ताकद ब्रासमध्ये होती; इथे ब्रास कच्चं, आणि गिटार-बेसची दोन सख्ख्या भावांची जोडी घोटून पक्की. मग गाण्याचं वजन आपोआप तिकडे सरकलं. आणि खाली जॅबो. जॅबो हा अलाबामाचा, आधी बॉबी ब्लँडकडे ब्लूज वाजवून आलेला, कमी बोलणारा ड्रमर. स्टबलफील्डसारखी वेडीवाकडी वळणं तो घेत नाही, घड्याळासारखा चालतो. वर बूट्सी इतकी धावाधाव करू शकला, कारण खाली जॅबो हलत नव्हता.

एप्रिल १९७० च्या २५ तारखेला, म्हणजे दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, नॅशव्हिलच्या स्टुडिओत ‘सेक्स मशीन’ रेकॉर्ड झालं. गीतकारांच्या नावांत ब्राउन आणि बर्डबरोबर साउंड इंजिनिअर रॉन लेनहॉफचंही नाव आहे. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं.

हे गाणं हेडफोन लावून एकदा मी सांगतो तसं ऐका. सुरुवातीला ब्राउन बोलतो, एक-दोन-तीन-चार मोजतो, आणि ब्रास एकाच कॉर्डचे ठोके देतं. ते ठोके संपले की ब्रासचं काम जवळपास संपलं! ब्राउनच्या आधीच्या गाण्यांत हे झालंच नसतं. आता डावा कान-उजवा कान विसरून फक्त कॅटफिशकडे लक्ष द्या. ‘ई-फ्लॅट नाइन्थ’ ही कॉर्ड पकडलेली आहे आणि तिच्या डोक्यावर एक सूर ये-जा करतोय. बस, तेवढंच. पाचेक मिनिटांच्या गाण्यात तो त्यापलीकडे फार कमी जातो. मग बूट्सीकडे या. पहिली मात्रा तो ठामपणे देतो आणि मग वर चढत जातो, उतरतो, मधल्या जागा भरतो, पण पुढच्या पहिल्या मात्रेला घरी हजर. पियानो स्वतः ब्राउन वाजवतोय, बेताचाच वाजवतोय, आणि तसाच चांगला लागतो. बर्ड प्रत्येक ओळीला उत्तर देतोय. ही सवाल-जवाबाची जोडी काढली तर गाणं अर्धं होईल. शेवटी ‘ब्रिजकडे (गाण्याच्या वेगळ्या भागाकडे) नेऊ का’ असं ब्राउन विचारतो आणि सगळे ए-फ्लॅट कॉर्डवर जातात. इतका वेळ एकाच कॉर्डवर बसल्यामुळे तो साधा बदल छातीत धडकतो.

याच नावाचा डबल अल्बम त्याच वर्षी निघाला आणि तो या विषयाच्या विद्यार्थ्यासाठी आयती प्रयोगशाळा आहे. कव्हर सांगतं की सगळं ऑगस्टात प्रेक्षकांसमोर वाजवलेलं आहे. प्रत्यक्षात पहिल्या डिस्कवरचं स्टुडिओतलं आहे, वर टाळ्या-शिट्ट्या नंतर चिकटवल्या आहेत. तिथे नवा बँड वाजतो. दुसऱ्या डिस्कवर बरंचसं १९६९ चं खरंखुरं ऑगस्टाचं रेकॉर्डिंग आहे, म्हणजे जुना बँड. एकाच पाकिटात दोघे. आणखी जवळून बघायचं असेल तर ‘गिव्ह इट अप ऑर टर्निट अ लूज’ घ्या. हे गाणं जुन्या बँडबरोबर १९६९ च्या सुरुवातीला सिंगल म्हणून आलं होतं आणि इथे नव्या बँडने पुन्हा वाजवलंय. जुन्यात सगळं नेटकं, तीन-चार मिनिटांत आटोपलेलं, ब्रास ओळीला ओळ देतंय. नव्यात बेस पुढे आलीय, कोंगा सुटलेत, मध्ये सगळे थांबतात आणि फक्त ड्रम, कोंगा, टाळ्या आणि ब्राउनचा आवाज उरतो. बांधलेलं गाणं आणि सोडून दिलेला ठेका यांतला फरक मी शिकवताना शब्दांत सांगत नाही, ही दोन रेकॉर्डिंग लागोपाठ लावतो.

ब्राउन गात नसताना ही मंडळी काय करायची, ते ‘द ग्रंट’ या १९७० च्या वाद्यसंगीताच्या रेकॉर्डवर ऐकायला मिळतं. सुरुवातीलाच मॅककुलोच्या सॅक्सची जी किंकाळी आहे, ती १९८७ मध्ये पब्लिक एनिमी या हिप-हॉप ग्रुपने ‘रिबेल विदाउट अ पॉज’मध्ये उचलली आणि जगभर पोचवली. ज्यांनी जेबीजचं नाव ऐकलं नाही त्यांनी ही किंकाळी ऐकलेली असते. हाच मॅककुलो ‘सुपर बॅड’मध्ये सॅक्स पिळतो आणि ब्राउन त्याला गाण्यातच सांगतो की जरा जॅझवाल्या कोल्ट्रेनसारखं फुंक. नवखा, कच्चा असं मी वर म्हटलं, ते जुन्या ब्रासच्या सफाईशी तुलना करून. पण सफाईदार माणसाने अशी किंकाळी मारली असती का, शंकाच आहे. या पहिल्या बँडचा स्वतंत्र अल्बम किंगने तयार केला होता. तो निघालाच नाही. २०१४ मध्ये कुठे तो बाजारात आला.

मार्च १९७१ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिया थिएटरात हा बँड वाजला. ते रेकॉर्डिंगही २० वर्षं पडून राहिलं, १९९२ मध्ये बाहेर आलं. तोवर वेस्ली परतला होता, त्यामुळे ब्रासही सुधारलेलं आहे. कॉलिन्स बंधूंचं ब्राउनबरोबरचं ते जवळपास शेवटचं मोठं काम. बूट्सी सांगतो की कार्यक्रम कितीही रंगला तरी ब्राउन त्याला खोलीत बोलावून तासायचा: जमलं नाही, पहिल्या मात्रेवर नव्हतास. आधी त्याला खरंच वाटायचं. पुढे कळलं की माणसाला भुकेलं ठेवण्याची ही ब्राउनची रीत होती. वडिलांशिवाय वाढलेल्या पोराला ती काही काळ मानवलीही. पण १८-१९ वर्षांचं पोर, सत्तरचं दशक आणि एलएसडी; ती शिस्त आणि हे वय किती दिवस एकत्र राहणार? दोघे भाऊ बाहेर पडले आणि थोड्याच काळात जॉर्ज क्लिंटनच्या फंकाडेलिक या दुसऱ्या फंक बँडकडे गेले. ती वेगळी आणि मोठी गोष्ट आहे, इथे नको.

इथून दुसरे जेबीज सुरू होतात. हे वेस्लीचे. तो अलाबामातल्या मोबील गावचा ट्रॉम्बोनवाला, जॅझवर जीव असलेला, आणि ब्राउनच्या हुंकारांचं नोटेशन करण्याचं जे काम आधी एलिस करायचा ते आता त्याच्याकडे आलं. बेसवर फ्रेड थॉमस, गिटारवर हर्लन ‘चीज’ मार्टिन. थॉमस बूट्सीसारखा धावत नाही. खाली बसून राहतो, आणि त्यामुळे वर ब्रासला पुन्हा जागा मिळाली. ‘पास द पीज’, ‘गिमी सम मोर’ ही १९७२ ची गाणी ऐका, बँड पुन्हा ब्रासचा झालाय हे दोन ओळींत कळतं. १९७३ चं ‘डुइंग इट टू डेथ’ ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आलं. रेकॉर्डवर नाव ‘फ्रेड वेस्ली अँड द जेबीज’, गातोय ब्राउन, आणि मध्येच तो फ्रेडला सांगतो की मला खाली डी पट्टीत जायचंय. गाणं एफ पट्टीतून चक्क डीमध्ये उतरतं. स्वर वर चढवून रंग भरायची सवय असलेल्या कानांना हे उलटं वाटतं, पण काय बसतं ते! मेसिओही तोवर परत आला होता. संपानंतर त्याने जुन्या सोबत्यांना घेऊन ‘मेसिओ अँड ऑल द किंग्ज मेन’ काढला होता, पण रेकॉर्डी विकल्या गेल्या नाहीत. नोलनही परतला. १९७५ मध्ये वेस्ली गेला तो क्लिंटनकडे, पाठोपाठ मेसिओ. तिथे बूट्सी आधीच होता. म्हणजे कोलंबसच्या त्या रात्री समोरासमोर उभे असलेले दोन बँड अखेर दुसऱ्याच मालकाकडे एका स्टेजवर आले.

पैशांबद्दल एकच सांगतो. स्टबलफील्डने नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘फंकी ड्रमर’वर काही सेकंद जो एकट्याने ठेका वाजवला, तो हिप-हॉपमध्ये हजाराहून जास्त रेकॉर्डांत उचलला गेला. गाण्यावर नाव एकट्या ब्राउनचं. स्टबलफील्डला त्यातून मिळालं ते जवळजवळ काहीच नाही. २०१७ मध्ये तो गेला. संप का झाला असेल, याचं यापेक्षा वेगळं स्पष्टीकरण मला लागत नाही.

आता कॉलेजच्या बँडकडे. सूर बरोबर असून फंक का होत नाही?

ब्राउनने बूट्सीला जी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली ती म्हणजे ‘द वन’: चारांतली पहिली मात्रा दे, मग तुला हवं ते कर. रॉक आणि जुनं ऱ्हिदम अँड ब्लूज ऐकून आपले कान दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर बसलेले असतात. पहिलीवर बँड सैल असतो. तबला ऐकणारे म्हणतील, ही तर समच झाली. हो, पण दोन फरक आहेत आणि तिथेच आपली मुलं फसतात. एक, तीनतालात सम सोळा मात्रांनी येते. इथे दर चार मात्रांनी, म्हणजे भटकायला वेळच नाही. दुसरा जास्त महत्त्वाचा. आपण समेकडे जातो, ताण वाढवत नेऊन तिथे सोडतो, म्हणून समेच्या आधीच्या मात्रांत गर्दी करतो. जेबीज समेवरून निघतात. पहिलीवर सगळ्यांचा एकत्र ठोका, आणि लगेच जो तो आपापल्या वाटेला. त्यामुळे पहिलीच्या आधी गर्दी नको, हवा हवी. तुमचा ड्रमर दर चौथ्या बारला (चार मात्रांचा एक बार) पहिलीच्या तोंडाशी भरगच्च रोल मारत असेल तर गाणं तिथेच मेलं. जॅबो मारत नाही.

बेसवाल्याने आधी आठवडाभर बूट्सी वाजवूच नये. फक्त पहिली मात्रा वाजवावी आणि उरलेल्या तीन गप्प राहावं, ड्रमरबरोबर, दहा मिनिटं न थांबता. सूर किती वेळ धरायचा आणि कुठे तोडायचा, हेही ठरवून करायचं. नुसता कुठे सुरू केला यावर भागत नाही. बहुतेक मुलांचा सूर दुसऱ्या मात्रेच्या स्नेअरवर सांडतो आणि स्नेअर बोथट होतो. स्नेअर पडण्याआधी तो तुटला पाहिजे. हे बसलं की मग एकेक सूर वाढवा.

गिटारवाल्याचा उजवा हात गाणं संपेपर्यंत थांबता कामा नये. बारमधले सोळाच्या सोळा फटके चालू. डावा हात तारा दाबायच्या का नुसत्या झाकायच्या एवढंच ठरवतो. आपली मुलं वाजणाऱ्या फटक्यांपुरताच हात हलवतात, मग प्रत्येक कॉर्ड एकटी पडते. आणि डिस्टॉर्शन, डिले, आवाज बदलणारं जे काही पेडल पायाखाली असेल ते बंद करून टाका.

गाणाऱ्याला सांगा की जोडीदार शोध. बर्डशिवाय हे गाणं उभं राहत नाही. बॅकिंग ट्रॅकवर उत्तरं भरून चालणार नाही, कारण मूळ गाण्यात ब्राउन प्रत्येक वेळी सारखा येत नाही आणि बर्ड त्याच्याकडे बघत असतो. कीबोर्डवाल्याने दोन हातांनी कॉर्ड भरणं सोडावं. ब्रास नसेल तर उत्तमच, सुरुवातीचे ठोके गिटारवर द्या आणि पुढे जा.

आणि लांबी. तुम्ही गाणं तीन मिनिटांत गुंडाळत असाल, कॉलेजच्या कार्यक्रमात वेळ तेवढाच मिळतो हे मलाही माहीत आहे. पण रिहर्सलमध्ये तरी एकाच कॉर्डवर दहा मिनिटं राहा. तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येईल, कुणीतरी उगाच काहीतरी नवीन घुसवेल. त्याला तिथल्या तिथे थांबवा. सहाव्या-सातव्या मिनिटाच्या आसपास सगळे एकमेकांचं ऐकायला लागतात. मगच ए-फ्लॅटकडे जायचा इशारा द्या, तोही बार मोजून नाही, गाणाऱ्याच्या हाकेवर. हाक कधी येणार हे कुणालाच आधी सांगू नका, ड्रमरलासुद्धा.